उदाहरणातला कारकून

२ मार्च, सोमवार

संपादकबाईंनी तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकासाठी एक लेख परीक्षणाला पाठवला. पडद्यावर वाचून माझे डोळे चुरचुरतात हे त्यांना पत्रांतून ठाऊक आहे, म्हणून कागदावर छापून, जाड पाकिटात घालून. लेखकाचं नाव अर्थातच काढलेलं. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही, परीक्षकाला लेखक कळू द्यायचा नाही, आणि कळलाच तर परीक्षकाने बाजूला व्हायचं, असा नियम आहे. वीस वर्षांपूर्वी मीच हट्ट धरून तो लिहून घेतला होता. निवृत्त झाल्यापासून वर्षाला दोन-तीन लेख येतात. डोकं गंजू नये म्हणून घेतो.

लेखाचं नाव 'घडून गेलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना'. वाचून हसूच आलं. माझ्या एकुलत्या एक पुस्तकाचं सातवं प्रकरण याच विषयावर आहे, आणि त्यात मी हा विषय कायमचा निकालात काढला आहे अशी माझी समजूत होती. पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी देवाकडे काही मागणं, यावर निदान वाद घालता येतो. जे होऊन गेलं त्यासाठी मागणं हे निव्वळ अज्ञान. बातमी कळली की मागणं बंद पडतं, म्हणजे त्यात अज्ञानाखेरीज काही नव्हतंच. चाळीस वर्षं हे शिकवलं. कोणी खोडलं नाही. एका विद्यार्थिनीने प्रयत्न केला होता. तिचं पुढे माझ्या मुलाशी लग्न झालं आणि वाद अर्धाच राहिला.

आता तीच या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी मुलगा गेला, ती राहिली. शेजारीपाजारी विचारतात, सून अजून इथेच? मी म्हणतो, हो. पुढे त्यांना काय सांगायचं ते मलाच कळत नाही.

तिच्या कॉलेजातली नोकरी तात्पुरती आहे. कायम करायचं की नाही ते ठरवणारी समिती ८ मे रोजी बसणार. त्याआधी तिचा एक तरी लेख स्वीकारला गेला असला पाहिजे. नाहीतर जूनमध्ये इथलं संपलं. मग दिवसभराच्या प्रवासावर एक विद्यापीठ आहे, त्यांनी तिला बोलावून ठेवलं आहे. ती गेली तर हे घर मला खायला उठेल. तिला हे बोललेलो नाही. माझ्यासाठी तिने राहावं असं मला वाटत नाही. वाटतं, पण म्हणणार नाही.

५ मार्च, गुरुवार

लेख दोनदा वाचला. एकदा रागाने, एकदा पेन्सिल घेऊन.

उदाहरण असं आहे. जुना काळ. एक खलाशी जहाजावर गेला आहे. मंगळवारी जहाज बुडतं, सगळे जातात. बंदरावर जहाज कंपनीच्या कचेरीत तार येते आणि तिथला कारकून ती वाचतो. बुधवारी खलाशाची बायको चौकशीला येते. कारकून सांगतो, "अजून काही कळलं नाही." ती घरी जाऊन प्रार्थना करते, तो वाचलेला असू दे. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. रविवारी तिला कळतं. लेखकाचा प्रश्न: त्या चार दिवसांच्या प्रार्थनेचं काय झालं? ती वाया गेली का?

देव काळाच्या बाहेर असेल तर गुरुवारी केलेली प्रार्थना त्याला मंगळवारीही ऐकू आलेली असू शकते, हे लेखात येतं. ते जुनंच दळण. नवीन आहे ते पुढे. लेखक म्हणतो, निकाल आपल्या बाजूने लागावा हा मागण्याचा एक भाग. ज्याच्यासाठी मागायचं त्याला एकटं सोडायचं नाही, हा दुसरा भाग. आणि तो निकालावर अवलंबून नसतो.

वाक्यं स्वच्छ आहेत. विचारही पोरकट नाही. पण माणसाला दुःखाची ओळख नाही, हे पानोपानी जाणवतं. मला आहे. दोन वर्षांपूर्वी पहाटे मुलाच्या डोक्यात रक्तस्राव झाला. सून परगावी परिसंवादाला गेलेली. मी कळवलं तशी तिने मिळेल ती पहिली रेल्वे धरली, सकाळी सातची. पोचायला संध्याकाळचे सहा वाजणार होते. मुलगा सव्वाआठला गेला. तिचे फोन येत राहिले. मी म्हणत राहिलो, उपचार चालू आहेत. डब्यात एकटी बाई, पुढे दहा तासांचा प्रवास, सांगून काय साधणार होतं? माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. नंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही नाही.

आणि हे गृहस्थ आरामखुर्चीत बसून बंदरावर बायकांना रडवतात.

१० मार्च, मंगळवार

लेखक कोण ते मला कळलं आहे. म्हणजे जवळजवळ. हे आमचे दाढीवाले. तीस वर्षं कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत बसून देवाची बाजू लढवत होते, आणि त्यांचे आजोबा बंदरावर कामाला होते हे त्यांनी मला किमान शंभर वेळा ऐकवलं आहे. जहाज, तार, कचेरी, सगळं जमतं. नियमाप्रमाणे मी बाजूला व्हायला हवं. पण जवळजवळ कळणं म्हणजे कळणं नव्हे.

परीक्षण आज पुरं केलं. साडेतीन पानं. हात चांगला चालला, खोटं कशाला बोलू, मजा आली. मुख्य मुद्दे तीन.

एक: अज्ञान दूर झालं की मागणं थांबतं, या जुन्या आक्षेपाला लेखकाकडे उत्तर नाही.

दोन: कारकून काढून टाकावा. युक्तिवादाला त्याचा काडीचा उपयोग नाही. बातमी बाईपर्यंत उशिरा पोचली एवढं पुरे. ती कोणी थोपवली आणि का थोपवली, हे वाचकाला नको आहे.

तीन: लेखकाने कधी एखाद्या दवाखान्याबाहेर बसून वाट पाहिलेली दिसत नाही.

शेवटी शिफारस: मोठे बदल करून लेख पुन्हा पाठवावा. एकदम नाकारला नाही. दाढीवाल्यांची गंमत आणखी एक फेरी चालावी असं वाटलं.

११ मार्च, बुधवार

सकाळी टोस्टला लोणी लावता लावता सहज म्हणालो, "काल एकाला चांगला सोलून काढला."

परीक्षणाचं घरातही बोलू नये, पण नाव थोडंच घेत होतो.

"कोणाला?" सून चहा ओतत होती.

"असाच एक लेख, प्रार्थनेवर. खलाशी बुडतो, त्याची बायको घरात बसून देवाला विनवते, आणि मधेच एक कारकून घुसडलाय. म्हटलं, आधी तो कारकून काढा."

ती ओतायची थांबली. किटली तशीच हातात.

"का काढायचा?"

"उपयोग काय त्याचा?"

"त्याला माहीत असतं ना, सर."

एरवी ती मला बाबा म्हणते. वादाला उभी राहिली की सर. बऱ्याच दिवसांनी सर ऐकलं, बरं वाटलं.

"असेना का माहीत," मी म्हणालो. "बाईला माहीत नाही म्हणून ती मागते. त्याला माहीत आहे, म्हणून तो मागत नाही. यात माझंच म्हणणं सिद्ध होतं."

"तो मागत नाही, हे कशावरून?"

"लेखात तसं काही नाही."

"मग ते लिहायचं राहिलं असेल." किटली खाली ठेवून म्हणाली, "त्याला काय वाटलं असेल?"

"कोणाला?"

"त्या कारकुनाला."

"अगं, तो उदाहरणातला माणूस. त्याला काय वाटणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा," आणि नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच कॉलेजला गेली. जेवणाचा डबा ओट्यावर तसाच राहिला. अशी विसराळू ती नाही. समितीचं डोक्यात घोळत असणार.

२१ मार्च, शनिवार

विशेष काही नाही. सून वरच्या खोलीत काम करते, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून खुर्ची सरकल्याचे आवाज येतात. समितीसाठी तिचा लेख तयार होत असणार. काळाबद्दलच्या विधानांवर तिचं काम आहे. उद्या अमुक घडेल हे आजच खरं असतं का, काल अमुक घडलं हे आज बदलू शकतं का, असलं. फार कोरडं. तिच्यासारख्या मुलीने यात का अडकावं, हे मला कधी समजलं नाही. एकदा वाचायला दे म्हटलं तर म्हणाली, तुमच्यापर्यंत येईलच तो.

दुपारी जेवताना तिने एकदम विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात? आत, की बाहेरच्या बाकावर?"

दोन वर्षांत पहिल्यांदा. मला त्या दिवसाबद्दल बोलायचं अगदी जिवावर येतं. मी म्हटलं, "कशाला ते आता," आणि मीठ मागितलं. तिने मीठ दिलं.

३० मार्च, सोमवार

ग्रंथालयात दाढीवाले भेटले. मी मुद्दाम त्यांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि म्हटलं, "काय, नवीन काय लिहिलंत?"

"तीन वर्षांत ओळ नाही," ते म्हणाले. "मोतीबिंदूनंतर लिहायचा कंटाळाच आला."

"माझ्यापासून काय लपवता? बंदर, जहाज, खलाशी..."

"कसलं बंदर?"

"आजोबा तुमचे."

"आजोबा बंदरावर हमाल होते. जहाजात पाऊल नाही टाकलं कधी, त्यांना पाण्याची भीती वाटायची." मग नेहमीसारखी दाढी कुरवाळत म्हणाले, "खरं सांगू? मी आता प्रार्थना करतो. तिच्यावर लिहीत नाही. दोन्ही एकाच वेळी जमत नव्हतं."

खोटं बोलणारा माणूस नाही हा. म्हणजे मी साडेतीन पानं भलत्याच कोणावर तरी झाडली. थोडं ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन सुनेला म्हटलं, "मी सोललेला तो माणूस, मला वाटत होतं तो तो नाहीच." ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून ओळखलं नाहीत?"

"कसं ओळखणार? नाव काढलेलं असतं."

"हो," ती म्हणाली.

१३ एप्रिल, सोमवार

सुधारलेला लेख आला. सोबत परीक्षकाला लेखकाचं उत्तर. ते इथे उतरवून घेतो. परवा पाकीट परत पाठवावं लागेल आणि मला हे जवळ हवं आहे.

"परीक्षकांनी कारकून काढून टाकायला सांगितलं आहे. तो काढता येत नाही. पहिल्या मसुद्यात मी त्याला नुसता उभा केला होता, ती माझी चूक. परीक्षकांचा मूळ आक्षेप असा की घडून गेलेल्यासाठी मागणं म्हणजे अज्ञान, बातमी कळली की ते थांबतं. हा आक्षेप खोटा ठरवायला एकच माणूस पुरेसा आहे: ज्याला बातमी कळली आहे, आणि जो तरीही मागतो. तो माणूस कारकून आहे. म्हणून या वेळी त्याचं वागणं पूर्ण लिहिलं आहे."

नव्या मसुद्यात बाई कचेरीत एकदाच येते. पुढे कारकून स्वतः तिच्या दारी जातो. हा भागही उतरवतो.

"तो चार वेळा गेला. त्या गल्लीत त्याचं काही काम नव्हतं. सांगायचंच नसतं तर कचेरीत बसून राहणं सोपं होतं. तो दार वाजवतो, काही खाल्लंस का विचारतो, अजून काही कळलं नाही म्हणतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो. तो तिला फसवतो आहे, असं म्हणता येईल. पण फसवायला एकदा पुरतं, चार वेळा जावं लागत नाही. तो कशासाठी येतो? मला वाटतं, तो मागायला येतो. कोणाकडे, ते त्याला ठाऊक नाही. देवावर त्याचा विश्वास नाही."

आणि उत्तराच्या शेवटी:

"परीक्षकांचा तिसरा मुद्दा: लेखकाने दवाखान्याबाहेर वाट पाहिलेली दिसत नाही. बरोबर आहे. दवाखान्याबाहेर नाही पाहिली. गाडीत पाहिली."

सून कॉलेजला गेली आहे. घरात मी एकटाच. आज याहून जास्त लिहवत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

५ मार्चला मी इथे लिहिलं की तिचे फोन येत राहिले. ते खरं नाही. माझ्या स्वतःच्या वहीत, जी कोणी वाचणार नाही, त्या वहीत मी खोटं लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला कळलंही नाही.

तिचा फोन एकच आला, नऊ वाजता. तेव्हा मी उपचार चालू आहेत म्हणालो, कारण दुसरं काही तोंडातून बाहेर येईना. त्यानंतरचे चार फोन माझे. साडेदहा, बारा, दोन, चार. प्रत्येक वेळी विचारलं, काही खाल्लंस का. प्रत्येक वेळी म्हटलं, उपचार चालू आहेत. एकदा तर म्हटलं, डॉक्टर आशा आहे म्हणतात. तेव्हा तो खालच्या मजल्यावर थंड खोलीत होता.

का केले ते फोन? आज दिवसभर हाच प्रश्न डोक्यात घेऊन बसलो आहे. तिला धीर द्यायला, असं लिहून पाहिलं आणि खोडलं.

आणि मी तिला लिहिलं, दुःखाची ओळख नाही. दवाखान्याबाहेर कधी बसला नाहीत. तिला. साडेतीन पानं, आणि लिहिताना मला मजा आली होती.

१६ एप्रिल, गुरुवार

आता लेखक कळला. जवळजवळ नाही, पुरता कळला. सकाळी संपादकबाईंना फोन करून सांगितलं की मी या लेखाचा परीक्षक राहू शकत नाही, लेखिका माझी सून आहे.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "त्या माहेरच्या नावाने लिहितात. मला काय स्वप्न पडणार होतं?" त्या चिडल्या आणि त्यांचं चुकलं नाही. नियम त्यांनी वाचून दाखवला, माझाच. पहिलं परीक्षण रद्द. नवा परीक्षक शोधायचा, लेख पहिल्यापासून वाचला जाणार. "जून उजाडेल," त्या म्हणाल्या.

"८ मेच्या आधी काही होणार नाही?"

"कसं होईल? या विषयातली माणसं तरी किती आहेत? चार." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लेख तुम्हाला पटलाय का?"

"पटलाय. माझं सातवं प्रकरण पडलं."

"मग तेवढं दोन ओळीत लिहून द्या आणि हा फोन झालाच नाही असं समजू. कोणाला कळणार आहे?"

मी नाही म्हटलं. उद्या कोणी म्हणालं की सासऱ्याने सुनेचा लेख पुढे ढकलला, तर तो लेख आयुष्यभर तसाच ओळखला जाईल. त्या लेखावर तो डाग पडलेला मला चालणार नाही. तिची इथली नोकरी मी आज घालवली. पण दुसरं काही बरोबर ठरलं नसतं.

तिला अजून सांगितलेलं नाही. समितीचं सावट आहे डोक्यावर, उगाच आताच कशाला. योग्य वेळ पाहून सांगेन.

२० एप्रिल, सोमवार

लिहायला बसलो आहे, पण कुठून सुरुवात करू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी तीनच्या सुमारास ती कॉलेजातून आली. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. वर गेली नाही.

"संपादकांचं पत्र आलं. परीक्षक बदललाय म्हणे. लेख जूनमध्ये बघू म्हणतात."

"मी सांगणारच होतो."

"कधी?"

"समिती होऊ दे म्हटलं, उगाच तुला..."

"पुन्हा तेच, बाबा." आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. "ठरवायचं तुम्ही, आणि मला कळायचं सगळ्यांत शेवटी. मी गाडीतच बसलेय अजून."

मी नियमाचं सांगू लागलो. ती म्हणाली, "नियम मला माहीत आहे. माघार घेतलीत त्याचं काही नाही, मीही तेच केलं असतं. मला सांगून घ्यायची होतीत." मग म्हणाली, "चूक माझीही आहे. त्या दिवशी टोस्ट खाताना तुम्ही बोललात तेव्हाच मला कळलं होतं, लेख तुमच्याकडे आहे. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. लेख पाठवतानाच वाटलं होतं, त्या बाई तुमच्याकडेच धाडतील. या विषयावर दुसरं आहे कोण? म्हटलं, वाचतील. कारकून काढा म्हणतील असं नव्हतं वाटलं."

"मला तो मी आहे हे कळलं नाही गं."

"ते दिसलं," ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तिने सांगितलं की पत्र वाचल्यावर तिने त्या लांबच्या विद्यापीठाला होकार कळवून टाकला. जूनच्या एक तारखेला तिकडे हजर व्हायचं. मी बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो?

मग मी म्हणालो, "तो सव्वाआठला गेला." दोन वर्षांत हे वाक्य मी तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं.

"ते दाखल्यावर लिहिलंय. वाचलाय मी तो. नऊला तुम्हाला बोलता आलं नाही, तेही मला समजतं. मला दुसरंच विचारायचंय. साडेदहाला तुम्ही आपणहून फोन का केलात? बाराला का केलात?"

"तुला धीर यावा..."

"सर," ती म्हणाली.

मी वर्तमानपत्राची घडी घातली. चाळीस वर्षं वर्गात कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असायचं. आज शब्द एकेक करून ओढून काढावे लागले.

"दवाखान्यात सगळ्यांच्या लेखी संपलं होतं," मी म्हणालो. "ते लोक कागद भरून घेत होते. कोणी माझ्याकडे पाण्याचा पेला आणून देत होतं. तिथे तो कुठेच उरला नव्हता. तुला फोन लावला की तू विचारायचीस, शुद्धीवर आला का, काही बोलला का, त्याचा चष्मा घेतलाय ना बरोबर. तुझ्याकडे तो अजून जिवंत होता. मला तेवढा वेळ तिथे यायचं होतं."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं आता ती उठून वर जाईल.

"आणि चारनंतर?" तिने विचारलं. "चारनंतर का नाही केलात?"

"चारला तू म्हणालीस, आता दोनच तास राहिले. त्यानंतर माझ्याने झालं नाही."

ती रडली. मीही रडलो. लपवलं नाही. मुलगा गेल्यावर आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो, एकमेकांसमोर आज पहिल्यांदा.

मग मी म्हणालो, "जाऊ नकोस."

ती म्हणाली, "बाबा, होकार कळवलाय मी. आत्ताच सांगितलं ना."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तरी म्हणतोय. जाऊ नकोस."

तिने नाही म्हटलं नाही आणि हो म्हणणं तर शक्यच नव्हतं. ती पायरीवरून उठली, माझ्या खुर्चीजवळ आली आणि खाली जमिनीवर बसली. आम्ही अंधार पडेपर्यंत तसेच बसून होतो.